टेनरची रिकामी घरं

"नमुना लिहिलात तर निदान एकदा चालवून तरी बघा रे, गाढवांनो!" एबो ओरडला आणि त्याने टेबलावर हात आपटला.

खोलीत गाढव कुणी नव्हतं. समोर लॅपटॉपचा काळा पडदा होता आणि त्यावर लाल अक्षरांत सकाळपासून तेच एक वाक्य येत होतं: अशी कोणतीही सोय अस्तित्वात नाही. पलीकडच्या टेबलावर जोजो केंकीची, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या वाफवलेल्या उंड्याची, पानं सोलत बसला होता. केप कोस्टच्या त्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली हे दोघेच सांभाळत, आणि जोजोचा नियम असा की पोटात केंकी आणि तळलेला मासा गेल्याशिवाय कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही.

"सकाळी सकाळी कुणाशी भांडतोयस?" त्याने विचारलं.

"पाखराशी."

"अजून? अरे, तुझं लग्न लागलंय की काय तिच्याशी?"

पाखरू म्हणजे एक फ्रेमवर्क. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचं आणि काम फत्ते, अशा जातीची अवजारं बनवणाऱ्यांसाठी कुणीतरी आयता सांगाडा करून ठेवलेला असतो, तो हा. त्याच्या जन्मदात्यांनी त्याला एका पक्ष्याचं नाव दिलं आहे. नाव घेऊन उगाच कुणाची अब्रू कशाला काढा, आपण पाखरूच म्हणू. सांगाडा त्यांचा, मांस आपलं. ते मांस कसं चढवायचं हे दाखवायला त्यांच्या माहितीपानावर एक छोटासा नमुना दिलेला होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सुरुवात इथून करा'. एबोने सुरुवात तिथूनच केली होती, आणि तो तिथेच अडकून पडला होता.

एरवी त्याने लॅपटॉप मिटून जोजोच्या माशावर डल्ला मारला असता. पण शनिवारी मामांची अंत्ययात्रा होती.

क्वामेना डॅड्झी म्हणजे टेकडीवरच्या चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर आणि एबोचे सख्खे मामा. ह्या किनाऱ्यावरच्या फांटे लोकांत मामा म्हणजे बापाच्या वरचा बाप. ह्या मामांनी अर्ध्या गावाला गायला शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला, तुम्ही कृपा करून गाऊ नका, असं तोंडावर सांगितलं होतं. स्वतःच्या मरणाबद्दल त्यांची एकच अट होती. "माझ्या वेळी दुसऱ्या कुणाचं गाणं लावलंत, तर शवपेटीत उठून बसेन आणि सगळ्यांना बेसूर म्हणेन," असं ते हसत हसत सांगायचे. जाण्याआधी त्यांनी एक नवं गाणं बांधायला घेतलं होतं. किनाऱ्याला लागणाऱ्या होडीचं गाणं होतं ते, आणि 'दोर कोण धरील?' अशा प्रश्नावर ते संपत होतं. शनिवारी तेच म्हणायचं, हे घराण्यातल्या सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

गाणं होतं कुठे? एका पेन ड्राइव्हवर, चार फायलींत. मामांचा हात कापायला लागल्यापासून ते कागद सोडून एका बोटाने टाइप करायचे, आणि ट्रेबल, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांच्या चार वेगळ्या फायली करायचे. "एका वेळी एकाच माणसाशी बोलावं," असं त्यांचं म्हणणं. एबोने शिकत असताना त्यांच्यासाठी एक अवजार बनवून दिलं होतं. ते चारही फायली उचलून ओळीखाली ओळ लावायचं, उभ्या रेघांची घरं एकाखाली एक जुळवायचं आणि गायकांना हवा तसा सोल्फाचा, म्हणजे सारेगमसारखे सूर अक्षरांत लिहिलेला, कागद काढून द्यायचं. चर्चने वर्षानुवर्षं त्याच कागदांवरून गायलं. मग मामांच्या जुन्या कॉम्प्युटरला समुद्राच्या वाऱ्याने आतून गंज चढवला आणि तो त्यांच्या मरणाच्याच आसपास वारला.

अवजार एबोकडे होतं, पण ते जुन्या पाखरावर बेतलेलं. नव्या लॅपटॉपवर नवं पाखरू बसलं आणि त्याने जुन्या अवजाराला ओळखच दाखवली नाही. जुनं पाखरू मागवावं तर नव्या पिंजऱ्यात ते जगेना. म्हणून नव्या पाखराची रीत शिकून घ्यावी, तासाभराचं काम, असं एबो बुधवारी दुपारी म्हणाला होता. बुधवार गेला. गुरुवार उजाडला. त्या तासाला अजून तास म्हणायचं की काय, हे ठरायचं होतं.

फोन वाजला. एस्सुमानबाई होत्या. मामांनंतर गायकवृंद त्यांच्या हाती आला होता आणि त्या हाती छडी नसली तरी ती आहेच असं सगळ्यांना वाटायचं.

"एबो, कागद?"

"होताहेत, बाई."

"होताहेत म्हणजे झाले, की व्हायचेत?"

"बाई, त्यांनी जो नमुना दिलाय ना, तोच जुना झालाय. त्यात जी सोय वापरलीय ती त्यांनी स्वतःच काढून टाकलीय, आणि पानावर मात्र तसंच..."

"मला काय कळणार त्यातलं? पाचला तालीम. कागद आले तर मास्तरांचं गाणं, नाही आले तर नेहमीचं स्तोत्र. मला हौस नाही, पण मी रिकाम्या हाताने उभी राहणार नाही."

"चार आवाजांचे चार वेगळे कागद चालतील का? ते आत्ता देतो."

"माझे बास ट्रेबलच्या ओळीवर डोळा ठेवून सूर उचलतात. त्यांना नुसती त्यांची ओळ दिलीस तर ते शनिवारी तोंडच उघडायचे नाहीत. चारही ओळी एका कागदावर दे." आणि फोन बंद झाला.

एबोने नमुना पुन्हा अक्षर न् अक्षर तपासला. आपलंच कुठे चुकलं असेल, ही शंका माणसाला आधी येते. गरिबाची आणि प्रोग्रामरची ती सवयच असते. चूक नव्हती. मग त्याने ती लाल ओळ जशीच्या तशी उचलून इंटरनेटवर शोधली. कुणा भल्या माणसाने हाच प्रश्न विचारून ठेवला होता, तोच नमुना, तीच ओळ. एबोचा जीव भांड्यात पडला. खाली पहिलं उत्तर होतं, 'माहितीपान वाचा'. म्हणजे ज्या विहिरीत पडलो तिथलंच पाणी प्या. त्याखाली दुसरं, 'हा प्रश्न आधी विचारला गेला आहे', आणि ती वाट परत ह्याच प्रश्नाकडे येत होती. सगळ्यात शेवटी त्याच भल्या माणसाने आठवड्याने लिहिलं होतं, 'सुटलं! सर्वांचे आभार.'

एबोने पान वर केलं, खाली केलं. कसं सुटलं ते कुठेही नव्हतं.

"आभार कसले मानतोस मेल्या!" तो किंचाळला. "कसं सुटलं ते सांग ना! एक ओळ! एक ओळ लिहिताना तुझी बोटं झडली असती?"

"कोण मेला?" जोजोने विचारलं.

"अजून कुणी नाही. संध्याकाळपर्यंत मी मरेन."

मग त्याने त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला विचारून पाहिलं. हल्ली सगळे त्यालाच विचारतात. यंत्र अतिशय नम्र. त्याने एबोचं कौतुक केलं, प्रश्न उत्तम आहे म्हणालं, आणि उत्तर म्हणून तोच नमुना दिला. हे चालत नाही, असं एबोने सांगितलं. यंत्राने मनापासून माफी मागितली, तुमचं अगदी बरोबर आहे म्हणालं, आणि सुधारलेलं उत्तर म्हणून पुन्हा तोच नमुना दिला; फक्त ह्या वेळी वर टिपा होत्या. दोष त्याचा तरी काय? जगातल्या सगळ्यांनी ते एकच पान पाहून लिहिलं होतं, आणि ते सगळ्यांचं वाचून शहाणं झालं होतं.

जोजो बोटं पुसत उठून आला. "थांब, माझ्याकडे चालवून बघतो." त्याने नमुना आपल्या कॉम्प्युटरवर चिकटवला, एन्टर दाबलं. पडद्यावर झळकलं: नमस्कार, जग! "हे बघ. माझ्याकडे चालतंय की."

"तुझ्याकडे जुनं पाखरू आहे, जोजो! तुझ्या कॉम्प्युटरवर तू कधी काही नवं घातलंयस?"

"म्हणून तर चालतंय," जोजो शांतपणे म्हणाला. एबोला त्याचा मासा खिडकीतून समुद्राकडे परत पाठवावासा वाटला.

दुपार भरत आली आणि दिवे गेले. पंखा घरघरत थांबला, इंटरनेटची हिरवी टिकली विझली. लॅपटॉपची बॅटरी तेवढी जागी होती. एबोने कपाळ टेबलावर टेकलं. आता शोधायलाही जागा उरली नव्हती. मामा पेटीत उठून बसल्याचं त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

आता दुसरं करण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्याने पाखराचं पोट उघडलं. हे सांगाडे आपल्या लॅपटॉपवर येतात ते हाडांसकट येतात, पण त्यांच्या आत कुणी डोकावत नाही, जसं हॉटेलच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. आत फोल्डरांमागून फोल्डर होते. एकाचं नाव 'चाचण्या'. बनवणारे आपलं बनवलेलं चालतं की नाही हे स्वतः तपासायला जे लिहितात, ते तिथे ठेवलेलं असतं. माहितीपान वर्षानुवर्षं शिळं राहिलं तरी कुणी उपाशी मरत नाही, पण चाचणी शिळी झाली तर त्यांचं त्यांनाच पुढे जाता येत नाही. म्हणजे खरं काय ते कुठे असणार, तर इथे. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढून ही अक्कल दिवे गेल्यावर यावी, ह्याची एबोला भयंकर चीड आली.

पहिल्याच चाचणीत उत्तर होतं. पूर्वी अवजाराच्या आज्ञा एकेक करून पाखराकडे नोंदवाव्या लागत, दारात उभं राहून नाव सांगावं तसं. नमुना तेच शिकवत होता. नव्या पाखराने दरवानच काढून टाकला होता. आता आज्ञा एका ठरावीक फोल्डरात नेऊन ठेवायच्या आणि गप्प बसायचं. पाखरू आपण होऊन शोधून घेतं. एवढंच! एवढी एक गोष्ट माहितीपानावर लिहायला त्यांना सवड झाली नव्हती.

एबोने फोल्डर केला, आज्ञा आत ठेवली, एन्टर दाबलं. नमस्कार, जग.

"जोजो! चाललं!"

"माझ्याकडे सकाळीच चाललं होतं," जोजो म्हणाला.

मग मामांचं अवजार नव्या सांगाड्यावर चढवायला घेतलं. पाखराने तिथेही थोडा छळ केला. एका खुणेचं नाव बदललं होतं, एकीचा क्रम उलटा झाला होता, तिसरीबद्दल 'ही पुढच्या वेळी काढून टाकू' अशी धमकी होती. एबो एकेक लाल ओळ शिव्या देत मिटवत गेला. दिवे आले, पंखा फिरायला लागला, आणि शेवटी एकच ओळ उरली: चारही आवाजांची घरं सारखी भरत नाहीत.

फोन वाजला. "एबो, कागद?"

"निघतोच आहे, बाई!"

त्याने त्या ओळीकडे पाहिलं. दिवसभर हे यंत्र त्याच्याशी खोटं बोललं होतं. जे आहे ते नाही म्हणत होतं, जे चालत नाही ते चालतं म्हणत होतं. नवं पाखरू ओळीचा शेवट वेगळ्या रीतीने मोजत असणार, त्याचंच हे आणखी एक ढोंग, असं त्याने स्वतःला समजावलं. अवजारातली ही घरं मोजणारी तपासणीची ओळ त्याच्याच हातची होती, मामांनी मागे लागून लिहून घेतलेली. त्याने तिच्या पुढे एक फुली मारून तिला झोपवलं, म्हणजे यंत्राने ती वाचूच नये असं केलं. असं एकदा तरी केलं नाही असा प्रोग्रामर अजून जन्माला यायचा आहे. लाल ओळ गेली. प्रिंटर खडखडायला लागला, आणि कागद गरम असतानाच एबो टेकडीकडे धावला.

तालीम सुरू झाली तेव्हा चर्चच्या खिडक्यांतून तिरकं ऊन येत होतं. एस्सुमानबाईंनी कागद हातात घेऊन वास घ्यावा तसा तोंडाजवळ धरला, मान हलवली आणि हात उचलला. आणि गाणं उभं राहिलं. मामांचंच होतं, शंका नको. बास खालून होडी ढकलत होते, ट्रेबल वाऱ्यासारखे वरून येत होते. एबो टेनरच्या रांगेत उभा राहून गात होता, आणि सगळ्या दिवसाचा राग त्याच्या अंगातून उतरत चालला होता. शेवटचं पान आलं. 'दोर कोण धरील' सुरू झालं. टेनर गायला तोंड उघडून उभे राहिले आणि तसेच राहिले, कारण कागदावर त्यांच्या ओळीत नुसत्या उभ्या रेघा होत्या. घरं होती, घरांत कुणी नव्हतं.

बाकीचे तिघे शेवटच्या सुरावर येऊन थांबले. आपल्या भाषेत सांगायचं तर सा होता, पंचम होता, वरचा सा होता, आणि गंधार नव्हता. ज्याच्यावर गाणं हसतं की रडतं ते ठरतं, तोच नेमका नव्हता.

"हे काय?" एस्सुमानबाई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राने टेनर खाल्ला?"

"खाल्ला नसेल, बाई. थांबा, बघतो." एबोचे कान तापले. त्याने बाकावरच लॅपटॉप उघडला आणि मामांची टेनरची फाइल काढली. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं होती, मग एक उभी रेघ, आणि रेघेपुढे काही नाही. पाखराने काही खाल्लं नव्हतं. अख्ख्या दिवसात यंत्र एकदाच खरं बोललं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी त्याने त्याचं तोंड दाबलं होतं. एबोला लाजेने तिथून उठून जावंसं वाटलं, आणि तो खरोखरच उठून गेला, थेट मामीच्या घरी.

अंगणात मंडप बांधायचं काम चाललं होतं. अराबा मामी आतल्या खोलीत काळ्या कापडात बसली होती. ती लग्नाआधीपासून आल्टोत गायची. पण विधवेने नवऱ्याच्या अंत्ययात्रेत वृंदात उभं राहायचं नसतं, म्हणून तालमीलाही आली नव्हती. एबोने काय झालं ते सांगितलं.

"मामी, मामांनी टेनर दुसरीकडे कुठे लिहून ठेवला होता का?"

तिने मांडीवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाली, "नाही रे. त्या दिवशी टेनरच लिहीत होते. मी जेवायला हाक मारली. म्हणाले, एवढा टेनर संपवून येतो. मी म्हटलं, सूप निवतंय, तो टेनर काय पळून जातोय? मग उठून आले बिचारे. जेवले आणि आडवे झाले, ते परत उठलेच नाहीत."

एबो तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"निवलं असतं तर निवलं असतं," मामी म्हणाली. "सूप परत गरम करता येतं."

तो परत टेकडीवर आला आणि त्याने वृंदाला खरं काय ते सांगितलं. सुपाचं मात्र त्याने गाळलं. सगळे एकदम बोलायला लागले.

"त्यात काय, कोमल लावा. मयताचं गाणं आहे," एक म्हातारा बास म्हणाला.

"मास्तरांनी जन्मात कधी कोमलवर गाणं संपवलंय?" ट्रेबलमधून आवाज आला. "शुद्ध लावा."

"शुद्ध लावून नाचायचंय का तुला पेटीभोवती?"

"तुमचा बास सांभाळा आधी, दुसऱ्या पानावर तुम्ही झोपला होता!"

"गप्प!" एस्सुमानबाई ओरडल्या. त्या एबोकडे वळल्या. "तू भाचा. तू टेनर. तू ठरव आणि लिही. एका सुराचा तर प्रश्न आहे."

एबोने पेन्सिल घेतली. खरं तर आधीची घरं भरणं अवघड नव्हतं, मामांच्या सवयी त्याला पाठ होत्या. पण शेवटच्या घराशी हात थांबला. दिवसभर तो, लोक गोष्टी अर्धवट का सोडतात म्हणून जगाला शिव्या देत होता, आणि आता हातात एक अर्धवट गोष्ट होती आणि ती पुरी करायची त्याची छाती होत नव्हती.

"मला नाही जमणार, बाई," तो म्हणाला. "मामांच्या नावावर माझा सूर नको."

ओरडतील असं वाटलं होतं, पण एस्सुमानबाईंनी नाक पुसलं. "मग राहू दे रिकामं. लोक म्हणतील, एस्सुमानच्या टेनरना शेवटचा सूर सापडला नाही. म्हणू देत."

शनिवारी चर्च बाहेरपर्यंत भरलं होतं. काळी आणि लाल कापडं, पंखे, प्रवचन, मग घराण्यातले वडीलधारे बोलले, मग आणखी वडीलधारे बोलले. माणूस मेला तरी फांटे लोक त्याला लवकर जाऊ देत नाहीत. शेवटी वृंद उभा राहिला. मामांची पेटी समोर होती आणि पहिल्या बाकावर मामी बसली होती, दोन्हीकडून दोन बायकांनी धरलेली. गाणं सुरू झालं. ते आधीच्या कुठल्याही तालमीपेक्षा चांगलं झालं, हे एबोला गाता गाताच कळत होतं. शेवटचं पान आलं. ठरल्याप्रमाणे टेनरनी कागद खाली केले आणि तोंडं मिटली.

'दोर कोण धरील?' सा आला. पंचम आला. वरचा सा आला. एस्सुमानबाईंचा हात हवेत थांबला, आणि तो पोकळ सूर छताला जाऊन टेकला. अख्ख्या चर्चला काहीतरी कमी आहे हे जाणवलं. काय कमी आहे ते थोड्यांनाच कळलं. एबोने दात आवळून धरले होते.

तेवढ्यात बाकावरून गंधार आला.

शुद्ध. थरथरता, कापडाच्या आतून आल्यासारखा, पण अगदी जिथल्या तिथे. मामी बसल्या जागी गात होती. शेजारच्या बायकांनी दचकून तिच्याकडे पाहिलं, एकीने तर तिचा हात दाबला, पण ती थांबली नाही. एस्सुमानबाईंनी मान वळवून पाहिलं, आणि खाली यायला निघालेला आपला हात पुन्हा वर नेला. त्यांनी तो सूर धरून ठेवला, मामीचा श्वास पुरेपर्यंत धरून ठेवला. एबोच्या डोळ्यांसमोर पुढचं काही दिसेना.

दफन झाल्यावर मंडपात लोक जेवायला बसले तेव्हा तो मामीजवळ गेला.

"मामी, तुला माहीत होतं? मामांनी तोच लिहिला असता?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "कदाचित कोमल लिहिला असता. ते माणूस भारी लहरी होतं."

"मग?"

"मग काय? मी त्यांना त्यातून उठवलं होतं, एबो. तुम्ही ते तसंच उघडं ठेवून त्यांना पुरायला निघाला होतात. मला नाही बघवलं." तिने डोळे पुसले आणि त्याच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं. "जेवलास का तू? आणि ते तुझ्या त्या यंत्रात घालून ठेव. लोक पुढेही म्हणतील ते गाणं."

रविवारी चर्चहून आल्यावर एबो लॅपटॉप घेऊन मामांच्या खोलीत बसला. त्याने टेनरची फाइल उघडली. आधीची घरं मामांनी भरली असती तशी भरली. शेवटच्या घरात मामीचा सूर टाइप केला. मग अवजारात जाऊन तपासणीच्या ओळीपुढची फुली काढली, तिला जागं केलं, आणि आज्ञा देऊन एन्टर दाबलं.

पडदा काहीच बोलला नाही. सगळं बरोबर असलं की ह्या जातीची अवजारं एक अक्षर बोलत नाहीत, पुढच्या आज्ञेची वाट पाहत राहतात. चारही आवाज भरले होते. दोन दिवस एबोला हेच हवं होतं, आणि आता त्याला वाटलं की कुठली तरी लाल ओळ यावी, काहीतरी कमी आहे म्हणावं. त्या फायलीत मामांना परत येऊन लिहिण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. एबो तिथेच, त्यांच्या खुर्चीत बसून रडला.